४३ इंची टीव्हीवर लग्नाचे अल्बम : दोन हंगामांच्या वापरानंतर

तुळशीची लग्ने लागली आणि त्याच आठवड्यात माझा जुना २४ इंची मॉनिटर बंद पडला. आमचा कऱ्हाडला लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो माझे यजमान काढतात आणि त्यानंतरचे सगळे काम, म्हणजे निवड, रंगदुरुस्ती, रिटचिंग आणि अल्बमची मांडणी, माझ्याकडे असते. एका लग्नाचे साडेतीन-चार हजार फोटो येतात आणि हंगामात दोन-तीन लग्ने एकाच वेळी हातात असतात, त्यामुळे चांगला मॉनिटर मागवून आठ-दहा दिवस वाट पाहत बसणे शक्य नव्हते. गावातल्या दुकानात मॉनिटर म्हणून जे होते ते हिशेब लिहिण्यापुरते ठीक होते. त्याच दुकानाच्या भिंतीवर मात्र फोर-के टीव्हींची रांग झगमगत होती. त्यांतला एक ४३ इंची, क्वांटम डॉट (अधिक भडक रंग दाखवणारे तंत्र) असे लेबल मिरवणारा टीव्ही तीस हजारांच्या आत मिळाला आणि संध्याकाळी तो माझ्या टेबलावर होता. पुढचे दोन हंगाम मी त्यावर काम केले. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी एका कंपनीपेक्षा त्या किमतीच्या टीव्हींच्या घडणीशी संबंधित आहेत, आणि मॉडेल तर दरवर्षी बदलतच असते.

४३ हाच आकार का, हे आधी सांगते, कारण टीव्ही मॉनिटर म्हणून घेताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, मग पडदा ४३ इंची असो की ५५ इंची. ४३ इंचांत ते दर इंचाला साधारण १०२ पडतात, ५० इंचांत ८८ आणि ५५ इंचांत ८०. माझ्या जुन्या फुल एचडी मॉनिटरवर ते ९२ होते, म्हणजे ४३ इंची पडद्यावर अक्षरे आणि बारकावे थोडे अधिक रेखीव दिसतात आणि विंडोजमध्ये आकार न वाढवता काम करता येते. ५५ इंची टीव्ही टेबलावर ठेवला तर ठिपके मोजता येतील. चार हजार रुपये जास्त देऊन मोठा टीव्ही घेण्याचा आग्रह दुकानदार करतोच. दिवाणखान्यासाठी तो रास्त असेल, टेबलासाठी नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे हा टीव्ही अजून माझ्या टेबलावर आहे ती सांगते. आमच्याकडे लग्नाचा अल्बम करिझ्मा पद्धतीचा, म्हणजे फोटो न चिकटवता थेट पानावर छापलेला असतो आणि त्याचे उघडलेले पान १२ बाय ३६ इंचांचे असते. ४३ इंची टीव्हीची रुंदी साडेसदतीस इंच भरते. याचा अर्थ अल्बमचे संपूर्ण उघडे पान, खऱ्या आकारात, एकाही इंचाची काटछाट न करता पडद्यावर मावते. दर इंचाला ३०० ठिपक्यांची फाइल फोटोशॉपमध्ये ३४ टक्क्यांवर ठेवली की ती छापील पानाएवढी होते; पहिल्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन पडद्यावर लावून पाहिली आणि ती छत्तीस इंचांना अगदी दोन-तीन दोऱ्यांच्या फरकाने जुळली. दहा वर्षे मी हे पान जेमतेम निम्म्या आकाराच्या पट्टीत पाहत आले होते. नवरा-नवरीच्या नावांची अक्षरे छापून आल्यावर बॅनरसारखी मोठी का वाटतात, मंडपातल्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्या आजीचा चेहरा हरभऱ्याएवढा का होतो, घडीच्या मधल्या रेषेवर नेमका कुणाचा तरी कान का येतो, हे सगळे आता छापण्याआधी दिसते. मांडणीच्या कामासाठी याहून सोयीचा पडदा मला या पैशांत मिळाला नसता. २७ इंची फोर-के मॉनिटर जवळजवळ याच किमतीत येतो आणि रंगांच्या बाबतीत तो याच्यापेक्षा सरस असतो, पण छत्तीस इंचांचे पान त्यात बसत नाही.

पहिल्या रात्री मात्र यातले काही दिसले नव्हते. जोडणी केली तेव्हा विंडोजची खालची पट्टी अर्धी कापलेली होती, माउसची खूण तुटक-तुटक सरकत होती, अक्षरांभोवती पांढरट कडा होत्या आणि सगळा पडदा ट्यूबलाइटच्या प्रकाशासारखा निळसर होता. कापलेली पट्टी हा काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळापासून चालत आलेला वारसा आहे: टीव्ही चित्र थोडे फुगवतो आणि कडा चौकटीबाहेर ढकलतो. मेनूमध्ये चित्राचा आकार जस्ट स्कॅन किंवा फिट टू स्क्रीन असा केला की पट्टी पूर्ण दिसते. पांढऱ्या कडा शार्पनेसमुळे येतात. काही कंपन्यांच्या टीव्हीत शून्य म्हणजे मूळ चित्र, तर काहींत मधला आकडा म्हणजे मूळ चित्र, म्हणून बारीक अक्षरांकडे पाहत तो हळूहळू कमी करत न्यावा लागतो. तुटक सरकणाऱ्या माउसचे कारण माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होते. त्याची एचडीएमआय खाच, म्हणजे टीव्हीची वायर जोडायची जागा, १.४ आवृत्तीची असल्याने फोर-के चित्र तो सेकंदाला तीसच वेळा पाठवू शकत होता. साठ वेळा आणि पूर्ण रंगांसह पाठवायला निदान २.० आवृत्ती लागते. डेस्कटॉपला ती होती, पण टीव्हीच्या बाजूनेही ती त्या-त्या एचडीएमआय खाचेसाठी मेनूत जाऊन वेगळी चालू करावी लागते, हे कळायला मला दोन दिवस लागले.

ते कळले तेही एका पानामुळे. मोरपंखी पैठणीच्या रंगावर मी लाल अक्षरांत नावे लिहीत होते आणि अक्षरे काही केल्या स्वच्छ दिसेनात. शिरोरेखा पुसल्यासारखी, अनुस्वाराच्या जागी तांबूस डाग, जोडाक्षरांतली पोकळी भरून गेलेली. तीच अक्षरे पांढऱ्यावर काळ्या रंगात केली की लख्ख. मला आधी फॉन्टची फाइल बिघडली असे वाटले. खरे कारण असे की जागा वाचवण्यासाठी टीव्हीकडे जाणाऱ्या चित्रात उजळ-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी जाते, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकच जाते. तांत्रिक भाषेत याला ४:२:० म्हणतात. सिनेमा सगळा याच पद्धतीने साठवलेला असतो आणि सोफ्यावरून पाहताना कुणाला फरक कळत नाही, कारण आपल्या डोळ्यालाही रंगाची कड उजेडाच्या कडेइतकी नेमकी दिसत नाही. पण दोन-अडीच फुटांवरून लाल-निळ्या रंगांतली देवनागरी वाचायची म्हटले की हा काटकसरीचा व्यवहार उघडा पडतो. रोमन लिपीत तो थोडा लपतो. आपल्या मात्रा-वेलांट्यांच्या गर्दीत लपत नाही. छापील पानावर अर्थातच काही परिणाम होत नाही, कारण फाइल शाबूत असते, फक्त दिसते चुकीचे. पण जे चुकीचे दिसते त्यावरच आपण निर्णय घेत असतो.

उपाय प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली दडवलेला आहे. एलजीच्या टीव्हीत त्या खाचेचे चिन्ह बदलून पीसी करावे लागते, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस नावाची सोय चालू करावी लागते, सोनीमध्ये एचडीएमआयचे स्वरूप एनहान्स्ड करून चित्राचा प्रकार ग्राफिक्स ठेवावा लागतो. नुसते नाव बदलल्याने चित्र सुधारते हे यजमानांना पटतच नव्हते, त्यांच्या डोळ्यांदेखत अक्षरे स्वच्छ झाली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे देवक बसवल्याशिवाय मांडव उभा राहत नाही, तसंच हे.” संगणकाच्या बाजूनेही ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग, निवडलेले आहे ना, हे पाहावे लागते. काही स्वस्त टीव्हींत मात्र पॅनेलच अशा घडणीचे असते की ठिपक्यांत लाल-हिरव्या-निळ्याच्या जोडीला पांढरा कप्पा घालून संख्या भरून काढलेली असते, किंवा कप्पे उलट्या क्रमाने लावलेले असतात. तिथे सेटिंगने फारसे साधत नाही.

आता माझी फजिती. पहिल्या लग्नाचा अल्बम मी टीव्ही दुकानातून आला त्याच भडक रंगांच्या सेटिंगवर केला. लॅबमधून फोन आला, “ताई, फाइल फारच डार्क आलीय, अशीच छापू का?” मी भरवशाने म्हटले, छापा. चाळीस पानांचा अल्बम घरी आला तेव्हा मुलाच्या आईचा चेहरा संध्याकाळी सात वाजता काढल्यासारखा होता, शालू विटकरी झाला होता आणि सप्तपदीच्या वेळी नेसलेले पांढरे धोतर पिवळट पडले होते. तिन्ही दोष माझेच होते आणि तिन्ही टीव्हीच्या उलट दिशेने गेले होते. पडदा प्रमाणाबाहेर उजळ होता, म्हणून मी फोटो गडद केले. त्याचा लाल गरजेपेक्षा भडक होता, म्हणून मी लाल उतरवला. त्याचा पांढरा निळसर होता, म्हणून मी फोटोंत पिवळी छटा वाढवली. टीव्ही जितकी खुशामत करील तितकी छपाई रागावते, असा तो हिशेब होता. अल्बम स्वखर्चाने पुन्हा छापून दिला. लॅबचा काहीही दोष नव्हता, उलट त्यांनी विचारले होते.

या तिन्ही गोष्टींची कारणे सरळ आहेत. छपाईसाठी फोटो पाहताना पडद्याचे तेज चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला असावे असे धरतात. टीव्ही दिवसाउजेडी दिवाणखान्यात उठून दिसावा म्हणून त्याच्या तिप्पट-चौपटीला लावून पाठवलेला असतो. पांढऱ्या रंगाचे प्रमाण ६५०० केल्विन आहे. टीव्हीच्या कूल सेटिंगमध्ये तो दहा हजारांच्या पुढे जातो, कारण निळसर पांढरा अधिक स्वच्छ वाटतो, जसे नीळ घातलेले कपडे वाटतात. आणि लाल भडक होतो तो क्वांटम डॉटच्या रुंद रंगपल्ल्यामुळे, म्हणजे पडदा दाखवू शकतो त्या रंगांच्या मोठ्या आवाक्यामुळे. आमची लॅब एसआरजीबी रंगपल्ल्यातली फाइल मागते, जो १९९० च्या दशकात साध्या मॉनिटरांच्या मापाने ठरला. त्या फाइलमधला लाल टीव्हीने स्वतःच्या रुंद पल्ल्यातला लाल समजून दाखवला की कुंकवाचा गुलाल होतो. टीव्हीचे अचूक प्रोफाइल (तो कोणता रंग कसा दाखवतो याची फाइल) संगणकाला दिलेले असेल तर फोटोशॉप हा फरक सांभाळते. ते नसेल तर सांभाळत नाही, आणि फोटो नुसते उघडून दाखवणारे कितीतरी प्रोग्रॅम प्रोफाइलकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

अल्बम परत छापायला टाकल्यावर मी साताऱ्याच्या एका परिचित फोटोग्राफरकडून रंगमापक यंत्र, म्हणजे कलरीमीटर, चार दिवसांसाठी मागून आणले. त्याआधी टीव्हीतली सगळी ‘मदत’ बंद करण्यात एक अख्खी दुपार गेली. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, नॉइज रिडक्शन, हालचाल गुळगुळीत करणारी सोय, खोलीतल्या उजेडाप्रमाणे तेज बदलणारा इको सेन्सर, त्वचेचा रंग ‘सुधारणारी’ कसलीशी सोय: एकेक शोधून बंद करावे लागले, आणि काही तर चित्राच्या मेनूत नसून वीजबचतीच्या मेनूत लपलेले होते. बंद झाले की नाही हे ओळखायची माझी खूण अशी : पडद्याच्या मध्यावर नवरीचा चेहरा उघडायचा आणि त्याशेजारी कोऱ्या पांढऱ्या पानाची खिडकी आणायची. पांढरे पान आल्याबरोबर चेहरा बदलला, तर टीव्ही अजून मध्ये-मध्ये करतो आहे. माझ्या टीव्हीत हे शेवटपर्यंत पूर्ण थांबले नाही. फार काळोखी चित्रे पूर्ण पडद्यावर घेतली की तो अजूनही बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, किंचित उतरवतो, आणि त्याला बंद करण्याची कळ कुठेही दिलेली नाही.

काळ्या-पांढऱ्याच्या पारखीसाठी माझ्याकडे एक जुना फोटो आहे. संक्रांतीचा, पहिल्या वर्षाच्या सुनेचा : काळी चंद्रकळा आणि अंगावर हलव्याचे दागिने. एकाच चौकटीत काळ्या कापडाच्या काळ्या चुण्या आणि काटेरी पांढऱ्या साखरेचे पांढरे काटे. चुण्या नाहीशा होऊन साडी एकच काळा ठोकळा दिसली, तर टीव्ही आणि संगणक यांच्यात काळ्याच्या पातळीबद्दल मतभेद आहेत असे समजावे : संगणक ० ते २५५ पाठवतो आहे आणि टीव्ही प्रसारणाच्या रिवाजाने १६ ते २३५ धरून बसला आहे. उलट झाले तर साडी राखाडी, धुतल्यासारखी दिसते. दोन्हीकडे फुल किंवा दोन्हीकडे लिमिटेड, हे जुळले की चुण्या परत येतात. हलव्याचे काटे मात्र कॉन्ट्रास्ट दोन-तीन अंकांनी कमी केल्याशिवाय सुटे झाले नाहीत. पडदा पारखायला इंटरनेटवर हजार नमुने मिळतात, मी अजूनही हाच फोटो उघडते.

यंत्राने मोजणी केली तेव्हा वॉर्म प्रकारातला सर्वांत ऊबदार पर्याय ६५०० केल्विनच्या बऱ्यापैकी जवळ निघाला. आधी टीव्हीच्याच मेनूत लाल-हिरव्या-निळ्याचे प्रमाण थोडे हलवून पांढरा जुळवला, गॅमा (मधल्या छटांची उजळता) २.२ ठेवला, बॅकलाइट खाली आणून तेज शंभराच्या आसपास बसवले आणि मग डिस्प्लेकॅल या मोफत प्रोग्रॅममधून प्रोफाइल तयार केले. इथे एक काळजी घ्यावी लागते : यंत्राला पडद्याच्या बॅकलाइटचा प्रकार सांगावा लागतो, नाही तर क्वांटम डॉटच्या पडद्यावर ते पांढऱ्याचे माप चुकवते. एवढे केल्यावर पडद्याच्या मध्यभागात दिसणारे रंग आणि लॅबचा छापील नमुना यांच्यात माझ्या डोळ्यांना खटकण्यासारखा फरक राहिला नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढ्या स्वस्त वस्तूकडून माझी ही अपेक्षा नव्हती.

मध्यभागात, हा शब्द मात्र मी जपून वापरला आहे. या टीव्हीचे पॅनेल व्हीए प्रकारचे आहे. समोरून पाहिले तर त्याचा काळा रंग आयपीएस या दुसऱ्या प्रचलित पॅनेलपेक्षा गडद असतो, पण तिरक्या नजरेला रंग फिके पडतात. अडीच फुटांवर बसले की डावी-उजवी कड डोळ्याला बत्तीस अंशांच्या कोनात दिसते. छत्तीस इंची पानाच्या दोन टोकांना एकाच माणसाचे दोन फोटो ठेवले, तर डावीकडचा आणि मधला यांच्या गालांचा रंग वेगळा दिसतो. मान वळवून डावीकडे नीट समोर गेले की तो सारखा होतो. त्यामुळे मांडणी पूर्ण पानावर करायची आणि रंग पाहायचा तेव्हा तो फोटो मध्ये आणायचा, अशी सवय मी लावून घेतली. साडेतीन फुटांवर बसले तर कोन चोवीस अंशांवर येतो आणि बराच फरक पडतो, पण मग टेबल तेवढे खोल हवे. नेहमीचे संगणकाचे टेबल दोन फूट खोल असते. टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, त्यामुळे टेबल रुंदही हवे, आणि मॉनिटरसारखी वर-खाली करण्याची सोय कशालाच नसते. आम्ही शेवटी टीव्ही भिंतीवर थोडा खाली, टेबलाच्या पातळीला बसवून घेतला आणि टेबल भिंतीपासून फूटभर पुढे ओढले. वरचा कोपरा पाहताना मान दुखायची, तीही त्यानंतर कमी झाली. खालच्या डाव्या कोपऱ्यात पडदा जरा मळकट आहे, तो आहेच. या किमतीत सगळीकडे सारखा उजेड देणारा टीव्ही नशिबाने मिळतो.

बॅकलाइट खूप खाली आणल्यावर काही टीव्ही सूक्ष्मपणे लुकलुकतात. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण रात्री अकरापर्यंत बसले की डोळे सांगतात. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि त्यात काळे पट्टे सरकताना दिसले, तर आपला टीव्ही त्यांतलाच आहे. माझा आहे. म्हणून मी बॅकलाइट अगदी तळाला न नेता खोलीतला दिवा थोडा वाढवला आणि तो पडद्याच्या मागे लावला.

रोजच्या वापरातली कटकट वेगळीच. संगणक झोपला की मॉनिटर मुकाट्याने झोपतो आणि जागा झाला की जागा होतो. टीव्ही ‘सिग्नल नाही’ असा फलक मिरवतो, मग बंद होतो, आणि सकाळी रिमोट शोधण्यापासून दिवस सुरू होतो. चार तास रिमोटला हात लावला नाही, तर कुणी टीव्ही पाहत नाही असे समजून तो स्वतःहून बंद व्हायचा; रिटचिंगच्या ऐन मध्यात दोनदा झाल्यावर ती सोय मेनूतून काढली. एका रात्री त्याने स्वतःच सॉफ्टवेअर बदलून घेतले आणि सकाळी वीजबचत पुन्हा चालू झालेली होती. कंपनीच्या सेवाकेंद्रात फोन केला तर तिथल्या मुलाने विचारले, “मॅडम, सिरियल नीट दिसते ना?” सिरियल उत्तम दिसत होती. त्या दिवसापासून मी टीव्हीला वाय-फायच देत नाही आणि सगळ्या सेटिंगच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहेत.

टीव्हीचे सगळ्यात मोठे चाहते माझे गिऱ्हाईक आहेत. पूर्वी फोटो निवडायला नवरीकडचे सहा जण आले की दोघे पडद्याजवळ आणि चौघे त्यांच्या खांद्यांवरून डोकावत. आता मी खुर्ची बाजूला करते, सगळे सतरंजीवर बसतात आणि अल्बमचे पान खऱ्या मापात समोर येते. “अगं ताई, हा फोटो एवढाच येणार?” असा प्रश्न आता छपाईनंतर येत नाही, आधी येतो, आणि तिथल्या तिथे फोटो मोठा करून विषय मिटतो. एका मावशींनी समूहचित्रात स्वतःला शोधायला पडद्यापर्यंत जाऊन बोट ठेवले. ते बोट अजून पुसले जाते आहे, कारण या पडद्यावर नुसते मऊ कापड चालते, ओले चालत नाही.

पुढच्या हंगामाआधी मी एक २४ इंची आयपीएस मॉनिटर घेतला, साधाच, पण यंत्राने जुळवलेला. रंगाचा अखेरचा निर्णय आता त्यावर होतो. त्वचा, शालू, हळद, एवढे तिथे पाहते. निवड, मांडणी, आकार आणि गिऱ्हाइकांना दाखवणे टीव्हीवर. दोन्ही मिळून जो खर्च झाला त्यात एक उत्तम २७ इंची मॉनिटर आला असता, आणि जे फोटोग्राफर निसर्गचित्रे किंवा वस्तूंचे फोटो करतात, ज्यांना अल्बमचे पान मांडायचे नसते, त्यांनी तोच घ्यावा. टीव्हीच्या वाटेला जाऊ नये. ओएलईडी टीव्हीचा, म्हणजे मागचा दिवा नसलेल्या आणि प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या टीव्हीचा, विचार मीही केला होता. एलजीने २०२२ मध्ये ४२ इंची ओएलईडी बाजारात आणल्यापासून अनेक जण तो टेबलावर वापरतात आणि त्याचा काळा रंग पाहून चंद्रकळेच्या चुण्या आठवतात. पण फोटोशॉपच्या पट्ट्या दिवसाचे दहा तास एकाच जागी राहतात, त्याचे डाग पडद्यावर कायमचे उमटण्याची धास्ती आणि पांढरे पान मोठे झाले की स्वतःहून मंदावण्याची त्याची खोड, यांमुळे आणि मुख्यतः किमतीमुळे तो मागे राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तरी तो आमच्या हिशेबात बसत नाही.

ज्यांना माझ्यासारखेच काम आहे आणि टीव्ही घ्यायचाच आहे, त्यांनी दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप आणि चांगली एचडीएमआय वायर न्यावी. पेनड्राइव्हमधले फोटो टीव्ही स्वतःच्या पद्धतीने सजवून दाखवतो, त्यावर जाऊ नये. वायर जोडून आधी गर्द निळ्यावर लाल देवनागरी अक्षरे लिहावीत, मग आपला एखादा काळ्या साडीचा फोटो उघडावा आणि त्याच्याशेजारी पांढरी खिडकी आणून पाहावी. आमच्या दुकानदाराने गेल्या महिन्यात माझ्या ओळखीच्या एका मुलाला तब्बल पाऊण तास हे करू दिले, मध्ये चहाही पाजला आणि शेवटी विचारले की हा मुलगा नक्की टीव्ही घ्यायला आला आहे की साडी. मुलाने चार टीव्ही नापास केले आणि पाचवा घेतला.